पिवळ्यात चिमूटभर काळा

पिवळ्या शाईत चिमूटभर काळी शाई घातली की एक रंग तयार होतो. हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, तपकिरी म्हणावा तर तपकिरीही नाही. नांदेडला मावशीकडे राहून मी चित्रकलेचा कोर्स केला, तिथल्या सरांनी तो आम्हाला काचेच्या तुकड्यावर करून दाखवला आणि त्याचं नाव ऑलिव्ह असं सांगितलं. ऑलिव्ह नावाचं फळ असतं म्हणे. आमच्यापैकी कुणीच ते पाहिलं नव्हतं, सरांनीही पाहिलं नसावं, कारण ते केवढं असतं असं एका मुलीनं विचारल्यावर त्यांनी विषय बदलला. मी सुट्टीत घरी आले तेव्हा कागदावर तो रंग फासून मायला दाखवला. भाकरीच्या पिठाचे हात लांब धरून तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हा तर घाट्याचा रंग हाय. हरभरा काढायला येतो तवाचा." तेव्हापासून माझ्या मनात त्या रंगाचं नाव घाटे रंग असंच राहिलं.

आमचं घर अहमदपूरला, एसटी स्टँडच्या मागच्या वस्तीत. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघायची वेळ कमी यायची. कर्ण्यातून पहाटेच्या लातूर गाडीचा पुकारा झाला की दादा उठत. उदगीर गाडी लागली की माय परातीत ज्वारीचं पीठ घेई. नांदेड गाडीचा पुकारा होईतो आमची तिघांची आंघोळ आटोपून बुद्धवंदना झालेली असे. मग माय तव्यावर भाकरी टाकी, आणि तिच्या थापण्याचा आवाज, गिरणीच्या पट्ट्याची फडफड आणि फलाटावरच्या कंडक्टरची घंटा असे सगळे आवाज एकमेकांत मिसळून जात. येसराची आमटी, भाकरी आणि कुटलेली शेंगदाण्याची चटणी हे आमचं रोजचं. रविवारी मुरमुरे भिजवून केलेली सुशीला. अजूनही पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी ती करते, पण इथल्या मुरमुऱ्यांचा लगदा होतो.

दादा, म्हणजे माझे वडील, तहसिलीत कारकून होते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा दादा त्यांच्या खांद्यावर बसलेले होते, असं घरात सांगितलं जाई. दादांचा एक ठरलेला प्रश्न होता, "कशावरून?" कुणी म्हणालं, मांजर आडवं गेलं म्हणून काम झालं नाही, की दादा शांतपणे विचारत, कशावरून? आमच्या घराचा पाया त्यांनी अमावस्येला खोदून घेतला होता. त्यात काही सिद्ध करायचं होतं असं नाही. ते म्हणत, "अमावस्येला गवंडी मोकळे असतात. मन लावून काम करतात." अशा घरात मी वाढले. शुभ-अशुभ हे शब्द आमच्याकडे दुसऱ्यांच्या घरातल्या भांड्यांसारखे होते. माहीत होते, पण वापरात नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मला जी भीती बसली ती कुठून आली, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही.

कोर्स संपला आणि मी गफूरचाचांच्या प्रेसमध्ये कामाला लागले. प्रेस म्हणजे मोंढ्याच्या रस्त्यावरची दोन खणांची खोली. पुढच्या खणात टेबल, बाक आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली नमुन्याची कार्डं. मागच्या खणात जाळीच्या कापडाच्या लाकडी चौकटी, शाईचे डबे आणि कार्डं वाळवायच्या ताराच्या मांडण्या. चौकट कार्डावर टेकवायची, शाई ओतायची, रबराच्या पट्टीनं ती एका दमात ओढायची. दर रंगाला वेगळी चौकट. एक रंग वाळल्यावर दुसरा, आणि दुसरा केसभर जरी सरकला तरी सगळं कार्ड बिघडलं. लग्नसराईत आम्ही दिवसभर लाल आणि पिवळी कार्डं ओढत असू. चाचांचा हात माझ्याहून स्थिर होता, पण नवं काही मांडायचं झालं की ते मला म्हणत, "बेटी, तू देख. मेरे को तो लाल के सिवा काही सुचत न्हाई."

अनिता पहिल्यांदा आली ती तिच्या वडिलांबरोबर. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावातलं शेतकरी घर. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. पांढरं धोतर, कमी बोलणारा माणूस. अनिता डी.एड. झालेली, आणि ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो मुलगा बिलोलीकडच्या एका शाळेत मास्तर होता. त्यांच्यासोबत आणखी एक बाई होत्या, फिकट लुगडं, कपाळ मोकळं. त्या बाकावर न बसता दाराजवळच्या स्टुलावर टेकल्या. अनिता त्यांना सरूआत्या म्हणत होती. अण्णांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच होत्या. अनिताला लहानाची मोठी त्यांनीच केली होती.

"लाल-पिवळं नको," अनिता भिंतीवरची कार्डं बघत म्हणाली. "समद्यांची तशीच असत्यात. कोणतं कुणाचं ते वळखूबी येत न्हाई."

मला असं म्हणणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटत होतं. मी टेबलाच्या खणातून माझी वही काढली. तिच्यात मी कधीपासून एक कार्ड रंगवून ठेवलं होतं, कुणाचंच नसलेलं. पांढऱ्या जाड कागदावर घाटे रंगातली अक्षरं, आणि कडेनं हरभऱ्याच्या डहाळ्याची बारीक सोनेरी नक्षी. बाकी सगळा पांढरा. पांढरा छापायचा नसतो, तो सोडायचा असतो. तेच सगळ्यांत अवघड, कारण मोकळी जागा दिसली की गिऱ्हाइकाला तिथं एखादा कलश नाहीतर सनईवाला बसवावासा वाटतो. अनितानं तसं काही म्हटलं नाही. ती वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हेच."

अण्णांनी चष्मा लावून पाहिलं. "मंगल कार्याला शोभंल का हे?"

"शोभतंय की, अण्णा. सोनं हाय, पांढरं हाय. आन हा आपल्या रानातला रंग."

अण्णांनी चष्मा उतरवला आणि ते "तुला आवडलं तर झालं" म्हणाले. तेवढ्यात सरूआत्या उठून टेबलाजवळ आल्या. "हात लावू का?" असं त्यांनी विचारलं. वही त्यांनी दोन्ही बाजूंनी कडेला धरली, ताटात दिवा धरतात तशी. बराच वेळ बघून त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, "ह्यात काळा तर न्हाई ना, बाई?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यात हट्ट नव्हता, घाबरलेपण होतं.

"माझ्या लग्नात अक्षतांत काळे तीळ निघाले हुते," त्या म्हणाल्या. "कुणाच्या हातनं पडले, ठाव न्हाई. पर निघाले. म्हणून इचारते. लेकराच्या कार्याला काळं नको."

मागच्या खणातून चाचांच्या पट्टीचा आवाज येत होता, तो थांबला. मी म्हणाले, "न्हाई आत्या. काळा न्हाई यात."

का म्हणाले, याची कारणं मी नंतर शेकडो वेळा मांडून पाहिली. बाईंना बरं वाटावं म्हणून म्हणाले, हे एक. असल्या गोष्टींना आमच्या घरी किंमत नव्हती, म्हणून ते खोटं मला खोटं वाटलंच नाही, हे दुसरं. पण खरं कारण तिसरंच होतं. ते माझं पहिलं स्वतःचं कार्ड होतं आणि मला ते छापायचंच होतं. ती माणसं गेल्यावर चाचा हात पुसत बाहेर आले. "बेटी, पिवळ्यात काळा न टाकता हा रंग होतोय का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग?" एवढंच म्हणून ते परत आत गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

कार्डं सुरेख झाली. मी स्वतः ओढली. सोनेरी पावडर शाईत सारखी तळाला बसते, म्हणून चार कार्डं झाली की ढवळायचं, असं करत दोन दिवस लागले. माझ्या बाह्यांवर, पापण्यांवरसुद्धा ती चमकत होती. अण्णा येऊन गठ्ठे घेऊन गेले आणि जाताना म्हणाले, "चांगलं केलंस, पोरी."

त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी अण्णांच्या गावचा एक माणूस प्रेसमध्ये दुसऱ्याच कामासाठी आला. बोलता बोलता म्हणाला, "त्या लग्नाचं लांबलं की. नवरदेव मोटारसायकलीवरनं पडला बिलोलीच्या रस्त्याला. नांदेडला ठेवलाय. शुद्धीवर न्हाई म्हणत्यात."

माझ्या हातात काळ्या शाईचा डबा होता. मी तो खाली ठेवला. झाकण लावायचं राहिलं, संध्याकाळपर्यंत वर साय धरली.

ते दिवस कसे गेले ते आता सांगताना मला स्वतःचं थोडं हसू येतं, पण तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. मी सकाळी वंदनेला बसे आणि माझ्या डोळ्यांपुढे तो शुद्ध हरपलेला अनोळखी मुलगा येई. मी त्याला पाहिलंही नव्हतं. त्याचं नाव मात्र मी घाटे रंगात तीनशे वेळा छापलं होतं. मी स्वतःला दादांच्या आवाजात विचारी, कशावरून? कशावरून तुझ्या शाईमुळे? उत्तर स्पष्ट होतं. रस्त्यावर खडी होती, किंवा ट्रक होता, किंवा घाई होती. उत्तर येई आणि भीती तिथंच बसून राही. जेवताना घास फिरे. मायनं दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. प्रेसमध्ये काळी अक्षरं छापायचं काम आलं की मी ते चाचांकडे सरकवू लागले. फलाटावर नांदेड गाडीचा पुकारा झाला की मी दाराकडे बघे. जणू गाडीबरोबर त्या मुलाची बातमी येणार होती.

बातमी गाडीनंच आली. एका दुपारी अनिता प्रेसच्या दारात उभी. ती आणि तिची आई नांदेडला निघाल्या होत्या, अहमदपूरला गाडी बदलायची होती, आणि आईला स्टँडवर बसवून ती दहा मिनिटांसाठी आली होती. डोळे सुजलेले होते, पण पहिलं वाक्य चांगलं होतं. "शुद्धीवर आलेत ते. पाय मोडलाय. डाक्टर म्हणाले, दोन महिने लागतील, पर वाचले."

मी बाकावर बसले.

"कार्डं आता परत छापावी लागतील," ती म्हणाली. "अण्णा येतील मजकूर घेऊन. पर ह्या वक्ताला लाल म्हणत्यात." मग ती खाली बघून बोलू लागली. पहिल्या पत्रिकेला हळदीकुंकू लावून देवापुढं ठेवायची असते. ते सवाष्णीनं लावायचं. अनितानं हट्ट केला की आत्याच लावेल, मला आत्यानं वाढवलंय. सगळे नको म्हणत असताना तिनं आत्याचं बोट धरून कुंकवात बुडवलं. अपघात झाला त्या दिवसापासून घरातलं कुणी आत्याशी बोलत नव्हतं. "गोठ्याकडच्या खोलीत हाय ती. ताट तिथंच जातंय. आई म्हणती, लग्न होईस्तोवर तिनं वाड्यात पाऊल टाकू नये. अण्णा काहीच बोलेनात. आन आत्यालाबी तेच खरं वाटून राहिलंय. माझ्याच हाताचा दोष म्हणती. हट्ट मी केला, भोगायलीय ती."

स्टँडवरून नांदेड गाडीचा पुकारा झाला. ती उठली आणि गेली. चाचा मागच्या खणाच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "उद्या सुट्टी घे," ते म्हणाले. मी कशासाठी ते विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरी काही न बोलता निघाले. दादांना सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे मला माहीत होतं. एसटीत खिडकीशी बसून मी वाक्यं जुळवत होते. मला दोनच गोष्टी करता येत होत्या. एक, जाऊन सांगायचं की असं काही नसतं, कुणाच्या हातानं, कुणाच्या कुंकवानं अपघात होत नाहीत. हे खरं होतं, आणि ते त्या घरात कुणीही ऐकणार नव्हतं, त्यातून आमच्या वस्तीतल्या मुलीकडून तर नाहीच. दुसरी गोष्ट, शाईत काळा होता हे सांगायचं. हेही खरं होतं. ते ऐकलं असतं. पण मग ते काय म्हणतील, याची मला धास्ती होती. हिनं मुद्दाम केलं, म्हणतील. गफूरचाचांचं नाव घेतील. शिरूरच्या फाट्यावर उतरून गावाकडे चालताना मी दोनदा थांबले. एकदा तर परतीच्या गाडीची वेळ विचारली.

अण्णांचं घर मोठं, दगडी जोत्याचं. ओसरीवर अण्णा, त्यांचे मेहुणे आणि आणखी दोघं बसले होते. मी अंगणात उभी राहिले. अण्णांनी ओळखलं आणि वर यायला सांगितलं. मी पायरीवर बसले. आतून पाण्याचा तांब्या आला, फुलपात्र आलं. ते फुलपात्र घरातल्या इतर फुलपात्रांसारखंच आहे का, हे मी पाहिलं. आमच्या घरातल्या प्रत्येकाचे डोळे हे आपोआप पाहतात. सारखंच होतं.

"मजकूर मीच आणणार होतो," अण्णा म्हणाले.

"मी त्यासाठी आले न्हाई," मी म्हणाले. जुळवलेली वाक्यं सगळी गेली होती. "आत्यांनी मला विचारलं होतं, रंगात काळा हाय का. मी न्हाई म्हणाले. होता. पिवळ्यात काळा घातल्याबिगर तो रंग होत न्हाई. मी खोटं बोलले. प्रत्येक कार्डात होता."

अंगणात एक कोंबडी तुरीच्या भुसात पाय ओढत होती, तेवढाच आवाज.

मग मेहुणे म्हणाले, "म्हंजी जाणूनबुजून केलंस."

"रंग जाणूनबुजून केला. वाईट व्हावं म्हणून केला न्हाई."

"तुम्हाला काय त्याचं. तुमच्यात कुठं हे असतंय," ते अण्णांकडे बघत म्हणाले. "म्या म्हणत हुतो, लातुरातनं छापून आणू."

मला उठून जावंसं वाटलं. पण अण्णांनी हात वर केला, आणि मेहुणे थांबले. अण्णांनी मला विचारलं, "तवा न्हाई म्हणालीस. मग आता कशाला सांगायलीस? कुणी इचारलं न्हाई, कुणाला कळलं नसतं."

"आत्या गोठ्याकडं हायेत म्हणून," मी म्हणाले.

अण्णा बराच वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. त्या वेळात माझ्या मनात जे काही येऊन गेलं, त्यातलं एकही झालं नाही. ते उठले, ओसरीच्या टोकाला गेले आणि गोठ्याच्या दिशेनं हाक मारली, "सरू. ए सरू. पाव्हणी आलीया. चुलीकडं बघ जरा."

सरूआत्या आल्या. दोन आठवड्यांत बाई निम्मी झाली होती. उंबऱ्याशी त्या अडखळल्या, भावाकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "जा की आत." कुणी माफी मागितली नाही, कुणी काही समजावलं नाही. मेहुणे चपला घालून बाहेर गेले. आतून काड्या मोडल्याचा, मग भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. मला जेवायला वाढलं. पिठलं होतं, भाकरी होती, वर तेल घातलेला ठेचा होता. घरातल्या बायकांबरोबर सरूआत्याही ताट घेऊन बसल्या. मला एक घास जाईना, पण आत्यांनी पूर्ण भाकरी खाल्ली आणि आणखी अर्धी घेतली.

परतताना त्या मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. फाटा दिसेपर्यंत त्या माझ्या पुढं चालल्या. मग म्हणाल्या, "खरंच हुता का काळा? का माझ्यासाठी बोललीस?"

"खरंच होता, आत्या."

"लई?"

"लई न्हाई. चिमूटभर."

त्या थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. "मग म्हणूनच," त्या म्हणाल्या. "थोडा हुता म्हणून पोरगं पायावर निभावलं."

इथं मी बोलायला हवं होतं. आत्या, चिमूटभर असो की डबाभर, शाईनं कुणी पडत नाही आणि कुंकवानंही नाही. तुमच्या तिळांनीही नाही. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पण ते म्हटलं असतं तर ज्याच्यामुळे त्या आज चुलीपाशी बसल्या तेच मी काढून घेतलं असतं. गाडी आली. मी चढले. खिडकीतून मी त्यांना पाहिलं, त्या पदर सावरून घराकडे भराभर चालत होत्या.

आता वय झालं, तरी त्या फाट्यावर मी काय बोलायला हवं होतं याचा विचार मनात येतो. लग्नाच्या मंडपांत हल्ली हेच तीन रंग दिसतात, पांढरा, सोनेरी आणि घाटे रंग. माझी भाची हेच काम कॉम्प्युटरवर करते, आणि तिला कुणी विचारत नाही की यात काळा किती. मला ते रंग एकत्र दिसले की अजून छातीत थोडं धडधडतं.

अण्णांच्या गावाहून परतले त्या संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. दादांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले, "त्यांची भीती तू पक्की करून आलीस."

"हो," मी म्हणाले.

"एक बाई सुटली. पण खोट्यावर सुटली."

माय ताटं मांडत होती. ती म्हणाली, "सुटली न्हवं? जेवली न्हवं सगळ्यांत बसून?" दादांनी ताट पुढं ओढलं.

सकाळी वंदना झाल्यावर दादा म्हणाले, "ते कार्ड आहे का तुझ्याकडे?" त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. माझ्या वहीत एक शिल्लक होतं. त्यांनी ते दाराच्या उजेडात धरलं. रंगाबद्दल ते काही म्हणाले नाहीत. ते सरकारी कागद वाचतात तसं वाचू लागले, बोट ओळीखाली ठेवून, पुटपुटत. वधू, वर, दोन्हीकडचे आजोबा, वडील, काका, मामा, त्यांची मुलं, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणणारी बाळं. खालपर्यंत वाचून ते पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले.

"ती आत्या कुठे आहे यात?" त्यांनी विचारलं.

मी कार्ड हातात घेतलं. या कार्डाचं प्रूफ मी तीन वेळा वाचलं होतं. काना-मात्रा तपासल्या होत्या, नक्षीची रेघ केसभर सरकू दिली नव्हती. त्या बाईंशी बोललेल्या खोट्यापायी आठ दिवस मी नीट जेवले नव्हते. आणि माझ्या हातानं छापलेल्या त्या कार्डावर सरूआत्यांचं नाव नव्हतं, आणि ते नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. विधवा बाईचं नाव पत्रिकेत घालत नाहीत, एवढं ते मला सवयीचं होतं. आमच्या घरात शुभ-अशुभ पाळत नाहीत, असं मी वर लिहिलं आहे.

चार दिवसांनी अण्णा लाल कार्डाचा मजकूर घेऊन आले. तारीख पुढची होती. नावं तीच, त्याच क्रमानं. मी चाचांना विचारलं नाही. प्रूफ काढताना अण्णांच्या आणि अनिताच्या आईच्या नावाखाली मी एक ओळ वाढवली: श्रीमती सरस्वतीबाई, वधूची आत्या. दुपारी प्रूफ अण्णांसमोर ठेवलं आणि बाकाच्या कडेला उभी राहिले. चाचा आत पट्टी ओढायचं सोडून दारात आले होते. अण्णांनी चष्मा लावला. एकदा वाचलं. बोट त्या ओळीवर येऊन थांबलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि बोट पुन्हा तिथंच थांबलं. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं, आणि ओळीतल्या नावावर एक आडवी रेघ ओढली.

मी प्रूफ परत घ्यायला हात पुढे केला.

अण्णा रेघेच्या वर सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहीत होते. "सरस्वती न्हाई," ते मान वर न करता म्हणाले. "सरोजिनी. आमच्या बापानं हौसेनं ठेवलंय." आणि त्यांनी खाली सही केली.